ठरलेला दर मधेच वाढवला तर? घरदुरुस्ती आणि इंटेरिअरच्या कामाबद्दल सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतला जुना फ्लॅट असो, गावभागातलं मातीच्या भिंतींचं घर असो की कुपवाडकडचं नवं रो-हाऊस, काम काढलं की तक्रार साधारण एकाच टप्प्यावर सुरू होते. जुनी फरशी उखडलेली असते, किचनचा ओटा तोडलेला असतो, स्वयंपाक गॅलरीत चाललेला असतो आणि त्याच वेळी कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'त्या दरात परवडत नाही.' मी सांगलीत ग्राहकांना तक्रारअर्ज लिहायला मदत करते. लोक जे प्रश्न घेऊन येतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कोटेशन चार लाखांचं होतं. निम्मं काम झाल्यावर साडेपाच मागतायत. द्यावेच लागतात का?

नाही. दर ठरला, तुम्ही होकार दिला, ॲडव्हान्स दिला, त्यांनी काम सुरू केलं, म्हणजे करार झाला. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 62 प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा असेल तर दोन्ही बाजूंची संमती लागते. एका बाजूनं फोन करून 'आता एवढे होतील' म्हटलं, म्हणून दर बदलत नाही. ती फक्त मागणी ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 यापुढे जातो. 'तक्रार' कशाची करता येते हे त्याच्या कलम 2(6) मध्ये दिलं आहे, आणि दोन पक्षांमध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त किंमत आकारणं हे त्यातलं एक स्वतंत्र कारण आहे. म्हणजे काम उत्तम झालं असलं तरी केवळ ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले एवढ्यावर तक्रार दाखल होते. अनेकांना वाटतं, फरशी फुटली किंवा गळती राहिली तरच ग्राहक आयोगात जाता येतं. तसं नाही.

मात्र वाढीव मागणी ऐकून गप्प बसू नका. तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि काम चालू राहिलं, तर उद्या समोरचा म्हणेल, 'यांना सांगितलं होतं, यांनी हरकत घेतली नाही.' ज्या दिवशी मागणी आली त्याच दिवशी चार ओळी लिहून पाठवा. हे लोकांना मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण प्रकरण इथेच उभं राहतं किंवा पडतं. मजकूर साधा असावा:

'नमस्कार. तुमच्या 12 तारखेच्या कोटेशनप्रमाणे किचन आणि दोन्ही बाथरूमचं काम साहित्यासह 4,00,000 रुपयांना ठरलं आहे. आज तुम्ही फोनवर 1,50,000 रुपये जास्त मागितलेत. ही वाढ मला मान्य नाही. वाढ कोणत्या कामासाठी, किती मापाची आणि कोणत्या दरानं, हे लेखी कळवा. तोपर्यंत ठरलेल्या दरानं काम सुरू ठेवा.'

राग, टोमणे, 'तुम्ही फसवलंत' वगैरे काही नको. हाच मेसेज पुढे आयोगासमोर वाचला जाणार आहे.

आमच्याकडे लेखी काहीच नाही. सगळं तोंडी ठरलं. मग?

तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. पण 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांकडे बहुतेकदा बरंच काही असतं. व्हॉट्सॲपवर आलेला दरांचा फोटो, डायरीच्या पानावर मिस्त्रीनं केलेला हिशेब, यूपीआयचे व्यवहार, बँकेचं स्टेटमेंट, 'उद्या 50 पाठवा, टाइल्स आणायच्यात' असा व्हॉइस मेसेज, दुकानदाराचं चलन. हे सगळं तारखेप्रमाणे लावलं की ठरलेला दर आपोआप दिसू लागतो.

चॅट डिलीट करू नका, आणि शक्य असेल तर मोबाईलही बदलू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं. मूळ चॅट ज्या फोनवर आहे तो हाताशी असला की ते सोपं जातं. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही.

रोख दिले असतील तर आजच एक मेसेज टाका: 'आजपर्यंत एकूण इतके पैसे पोचले, बरोबर ना?' समोरून 'हो' आलं की पावती मिळाल्यासारखंच आहे.

काम उक्तं दिलं होतं. तरी ते मापं काढून जास्त बिल लावतायत.

उक्तं म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले एकूण पैसे. त्यात कॉन्ट्रॅक्टरचा अंदाज चुकला, मजूर जास्त लागले, टाइल्स फुटल्या, तर तो धोका त्याचा. फायदा झाला असता तर तो त्यानं तुम्हाला परत दिला नसता, म्हणून तोटाही तुमच्यावर टाकता येत नाही.

दरावर दिलेलं काम वेगळं. तिथे प्रतिचौरस फूट किंवा रनिंग फूट दर ठरतो आणि शेवटी मापाप्रमाणे पैसे होतात. कोटेशनमध्ये एकूण आकडा लिहिलेला असला तरी तो अंदाज असतो, आणि माप खरंच जास्त निघालं तर पैसे वाढतात. त्यामुळे आधी आपलं कोटेशन नीट वाचा. खाली 'प्रत्यक्ष मापाप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर भांडण दराचं उरत नाही, मापाचं होतं.

मापं बरोबर आहेत का, हे आम्हाला कसं कळणार?

टेप घ्या आणि स्वतः मोजा. अवघड काहीच नाही. एक नमुना देते. बाथरूम 8 फूट बाय 5 फूट आहे, भिंतीला 7 फुटांपर्यंत टाइल्स आहेत, दार अडीच फूट बाय 7 फूट. तळाची फरशी 40 चौरस फूट. भिंतींचा घेर 8 अधिक 5, दुप्पट केल्यावर 26 फूट. 26 गुणिले 7 म्हणजे 182. त्यातून दाराचे साडेसतरा वजा केले की 164.5. एकूण 204.5 चौरस फूट. आता बिलात याच बाथरूमचे 260 चौरस फूट लावलेले असतील, तर प्रश्न कुठला विचारायचा हे तुमच्या लक्षात येईल.

इथे एक उत्तर हमखास मिळतं: 'वेस्टेज धरावं लागतं.' टाइल्स विकत आणताना कापाकापीसाठी थोडा जास्त माल आणावाच लागतो, हे खरं आहे. पण बसवण्याची मजुरी बसवलेल्या फरशीवर धरायची असते, कापून टाकलेल्या तुकड्यांवर नाही. वेस्टेजवर मजुरी धरायची असं आधीच ठरलं असेल तर गोष्ट निराळी.

प्लास्टरच्या मापासाठी आयएस 1200 हे भारतीय मानक आहे. त्यात 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 5.4 चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या उघड्या जागांची वजावट करत नाहीत. त्यामुळे लहानशा झरोक्यावरून वाद घालू नका. दारं-खिडक्यांचा हिशेब मात्र जरूर मागा.

फर्निचरमध्ये वॉर्डरोबचं माप समोरून रुंदी गुणिले उंची असं धरायचं की आतले कप्पे धरून, लॉफ्ट वेगळा की त्यातच, हे आधी विचारलं नाही तर शेवटी आकडा भलताच फुगतो. सगळी मापं दोघांनी मिळून घ्यावीत, एकाच कागदावर लिहावीत आणि त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात. ठेकेदारानं एकट्यानं काढलेलं माप तुमच्यावर बंधनकारक नसतं.

सिमेंट, स्टील, टाइल्स महागल्या म्हणून दर वाढवला. हे कारण चालतं का?

कोटेशनमध्ये भाववाढीचं कलम असेल तर चालतं, आणि तेही त्या कलमात लिहिलंय तेवढंच. नसेल तर चालत नाही. काम महाग पडलं म्हणजे करार पाळणं अशक्य झालं असं होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं 1960 मध्ये अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार या निकालात घेतली आणि पुढेही तीच कायम राहिली आहे.

एक मुद्दा लोकांच्या सहसा नजरेतून सुटतो. काम कॉन्ट्रॅक्टरनंच लांबवलं असेल आणि त्या लांबणीत भाव वाढले असतील, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(41) प्रमाणे ती 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा' ठरू शकते. ठरलेल्या मुदतीपलीकडे सेवा लांबवणं आणि त्यामुळे किंमत वाढणं, असं त्या कलमात स्पष्टच आहे. मे महिन्यात संपवायचं काम पावसाळा उलटून गेल्यावरही चालू आहे आणि आता 'रेट बदलले' म्हणतायत, अशा प्रकरणात हे कलम तक्रारीत आवर्जून लिहा.

भाव खालीही येतात, हेही लक्षात असू द्या. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. भाववाढीचं कलम मान्य करायचंच असेल तर भाव उतरले की दरही उतरेल, असं त्यातच लिहून घ्या. आणि वाढ मागणाऱ्याकडे खरेदीची बिलं मागा, जुन्या तारखेचं एक आणि नव्या तारखेचं एक.

भिंत फोडल्यावर आतली पाइपलाइन कुजलेली निघाली. आता जादा पैसे मागतायत. हीसुद्धा फसवणूक का?

प्रत्येक वेळी नाही, आणि इथे आपणही न्यायानं वागायला हवं. जुन्या इमारतीत टाइल्सखाली काय आहे हे आधी कोणालाच दिसत नाही. जीआय पाइप गंजलेला असतो, स्लॅबचं काँक्रीट सुटलेलं असतं, पुराचं पाणी शिरलेल्या घरात भिंतीचा खालचा भाग ओल धरून भुसभुशीत झालेला असतो. असं काम खरंच जादा असतं.

पण जादा काम करण्याची रीत आहे. काम थांबवायचं, तुम्हाला बोलावून दाखवायचं, फोटो काढायचा, माप आणि दर सांगायचा, तुमचा होकार घ्यायचा आणि मगच हात घालायचा. आधी करून टाकायचं आणि बिलात आकडा घालायचा, हे चालणार नाही. आणि जे कोणत्याही अनुभवी माणसाला आधीच दिसायला हवं होतं, ते 'अचानक निघालं' म्हणता येत नाही. वरच्या मजल्यावरून गळती आहे हे सांगूनच वॉटरप्रूफिंगचं काम दिलं असेल, तर जुना कोबा काढावा लागेल हे त्यांनी कोटेशनच्या वेळीच सांगायला हवं होतं. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा कायद्यानं सेवेतली त्रुटीच आहे.

मधेच आम्हीच दोन-तीन कामं वाढवली. त्यांचे पैसे?

द्यायचे. दर ठरला नव्हता म्हणून फुकट मिळेल अशी अपेक्षा धरू नका. करार कायद्याच्या कलम 70 प्रमाणे फुकट करायच्या हेतूनं न केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर त्याचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. वाजवी म्हणजे मूळ कोटेशनमध्ये त्याच प्रकारच्या कामाचा जो दर आहे तो. तसा दर नसेल तर आणखी दोन ठिकाणी विचारून घ्या.

शेवटच्या बिलात 18 टक्के जीएसटी वेगळा लावलाय. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

पहिली गोष्ट, ते नोंदणीकृत आहेत का? जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. त्याला लॉगिन लागत नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. काही जण कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत असतात. त्यांनाही तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही, आणि तसं त्यांच्या बिलावर छापलेलं असावं लागतं.

नोंदणी असेल, दर 18 टक्केच असेल आणि कोटेशन गप्प असेल, तर 'आम्हाला सांगितलेली रक्कम हीच पूर्ण किंमत होती' ही तुमची भूमिका ठामपणे मांडता येते. साडेचार लाखांवर 18 टक्के म्हणजे 81 हजार. एवढी रक्कम ग्राहकापासून लपवून ठेवायची नसते.

आणि 'बिल नको असेल तर जीएसटी सोडतो' या प्रस्तावाला कृपा करून भुलू नका. बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली की हातात कागद नसेल.

दर वाढवला नाही, पण माल हलका वापरला. हे यात बसतं का?

बसतं. माझ्या मते दरवाढीचा हा सगळ्यात चोरटा प्रकार आहे. किचन ट्रॉलीसाठी 710 ग्रेडचं वॉटरप्रूफ प्लायवूड ठरलेलं असतं आणि आत 303 ग्रेडचं लागतं. आयएस 710 आणि आयएस 303 ही दोन वेगळी मानकं आहेत आणि दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो. लॅमिनेट चिकटलं की वरून काही ओळखू येत नाही. म्हणून माल घरात उतरेल त्या दिवशीच प्लायच्या पाठीवरचा शिक्का, टाइल्सच्या खोक्यावरचं नाव आणि ग्रेड, रंगाच्या डब्यांची झाकणं यांचे फोटो काढून ठेवा. आजी-आजोबा दिवसभर घरी असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. माल उतरवताना ते तिथे असतातच.

ठरलेल्या दर्जापेक्षा हलका माल वापरणं सेवेतली त्रुटी आहे. आयोगाकडे मालाच्या प्रयोगशाळा तपासणीची मागणीही करता येते.

पैसे वाढवून दिल्याशिवाय कामाला हात लावणार नाही म्हणतायत. महिन्याभरात घरात लग्न आहे.

ही वेळ साधूनच मागणी येते. दिवाळी, गणपती, वास्तुशांत, लग्न. तुमची अडचण त्यांना माहीत असते.

दोन रस्ते आहेत. पहिला, ठरलेल्या टप्प्याचे जे पैसे निर्विवाद देणं आहेत ते लगेच द्या, बँकेतून द्या, आणि वाढीव रक्कम अमान्य असल्याचं लिहून कळवा. देणं थकलेलं नाही हे कागदावर आलं की काम थांबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर जाते.

दुसरा, लग्नघर आहे, इलाज नाही, वाढीव पैसे द्यावेच लागतायत. मग द्या, पण हरकत नोंदवून द्या: 'काम थांबवल्यामुळे आणि घरात कार्य असल्यामुळे ही रक्कम नाइलाजानं, हरकतीसह देत आहोत. परत मागण्याचा हक्क राखून ठेवत आहोत.' हा मेसेज पैसे पाठवण्याच्या आधी गेला पाहिजे. रोख देऊ नका. 'सर्व हिशेब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. दबावाखाली झालेल्या सहीला आव्हान देता येतं, पण तो दबाव तुम्हाला सिद्ध करावा लागतो.

अर्धवट काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर चालेल?

चालेल, मात्र आधी पुरावा गोळा करा. एकदा नव्या गवंड्यानं प्लास्टर मारलं की जुन्यानं काय केलं होतं आणि काय सोडलं होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, सावकाश, दारापासून सुरुवात करून. उरलेल्या मालाची यादी करा. शक्य असेल तर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून किंवा आर्किटेक्टकडून पाहणी करून घ्या आणि किती काम झालं, किती राहिलं, राहिलेल्याची किंमत काय, याचा सहीशिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. त्याची फी जाईल, पण संपूर्ण प्रकरणात याच्यापेक्षा उपयोगी खर्च दुसरा नाही. मग जुन्या कॉन्ट्रॅक्टरला ठरावीक दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवा. मुदत संपली की दोन कोटेशन घ्या आणि त्यातल्या वाजवी दराच्या माणसाला काम द्या. ठरलेल्या दरापेक्षा जो जास्त खर्च आला, तो करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. नवीन माणसाकडून जुन्यापेक्षा महागडी टाइल बसवून घेतली तर तो फरक मात्र मिळणार नाही.

आम्ही त्यांना सहीचा कोरा चेक दिला होता.

लगेच लेखी कळवा की तो चेक अमुक कामाच्या हमीसाठी दिला होता, वाढीव रक्कम देणं लागत नाही, चेक परत करा. बँकेला पेमेंट थांबवायची सूचना देता येते, पण तेवढ्यानं कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याबद्दलच्या फौजदारी खटल्याचा धोका टळतो असं समजू नका. चेक न वटता परत आला आणि त्यांची नोटीस तुम्हाला मिळाली, तर मिळाल्यापासून 15 दिवस महत्त्वाचे. उत्तर त्या मुदतीतच द्या, आणि या बाबतीत वकील गाठाच.

पोलिसात जावं का?

ॲडव्हान्स घेऊन माणूस गायब झाला, कामाला हातही लावला नाही, किंवा तुम्ही विकत आणलेला माल उचलून नेला, तर जा. केवळ दरावरून वाद असेल तर पोलिस 'हे दिवाणी आहे' म्हणतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पोलिसांची धमकी देऊन पैसे कमी करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. प्रकरण तुमच्यावरच उलटतं.

ग्राहक आयोगात जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी 1915 वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, इथे मराठीतही बोलता येतं. मोठ्या इंटेरिअर कंपन्या या टप्प्यावर बऱ्याचदा नमतात. स्थानिक कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत तेवढा उपयोग होईलच असं नाही.

मग नोटीस. ग्राहक तक्रारीआधी वकिलाची नोटीस देण्याचं बंधन नाही, तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्रही चालतं. ते स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. जुनी रजिस्टर पोस्ट सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. पत्रात काय ठरलं, किती दिले, किती मागितले आणि तुम्हाला काय हवं आहे, हे एका पानात आलं पाहिजे. 15 दिवसांची मुदत पुरेशी आहे.

त्यानंतर जिल्हा आयोगात तक्रार. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येतं, म्हणजे घरकामाचं जवळजवळ प्रत्येक प्रकरण इथेच. रक्कम मोजताना तुम्ही प्रत्यक्ष किती मोबदला दिला ते पाहतात. 5 लाखांपर्यंत फी शून्य. 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400, 20 ते 50 लाखांना 1000. मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'बोलणी चालू होती' म्हणून दोन वर्षं घालवणारे खूप भेटतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटण्याजोगं कारण द्यावं लागतं.

वकील सक्तीचा नाही. तक्रार, घटनाक्रम तारखांसह, कागदपत्रांची यादी आणि प्रतिज्ञापत्र, एवढं नीट लागतं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल करता येते. तांत्रिक गोष्टी जमत नसतील तर महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी सहाय्य मिळू शकतं. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. हे 45 दिवस ओलांडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जा. दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडे पाठवतो. घरकामाच्या वादात मध्यस्थी चांगली चालते, कारण पुष्कळदा प्रश्न एखाद्या लाखाचाच असतो आणि समोरच्यालाही त्याच गावात कामं करायची असतात.

आदेश झाला आणि पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान 25 हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कंपनीच्या फॉर्मवर लिहिलंय: वाद झाल्यास लवाद, तोही बेंगळुरूत. आणि 'किंमत बदलण्याचा हक्क कंपनीकडे राखीव'.

लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये हे पक्कं केलं. आणि 2019 च्या कायद्यानं तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. सांगलीकरानं बेंगळुरूला जायची गरज नाही.

किंमत बदलण्याच्या एकतर्फी हक्काचं तसं नाही. ते कलमच अन्यायकारक करार म्हणून रद्द करून घ्यायचं असेल, तर त्याची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. जिल्हा आयोगाला तो अधिकार दिलेला नाही. म्हणून जिल्हा आयोगात जाताना भर जादा आकारणी आणि सेवेतली त्रुटी यांवर ठेवा.

दुकानाचं फर्निचर करून घेतलं होतं. तेही यात येतं का?

व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः चालवत असलेलं छोटं दुकान असेल तर अपवाद मिळू शकतो. तक्रारीत ते आवर्जून लिहावं लागतं. अपवाद लागू नसेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे मुदत तीन वर्षांची.

पूर ओसरला की सगळ्यांचेच दर वाढतात. तेव्हा काय करायचं?

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये सांगलीनं हे अनुभवलं. एकाच वेळी हजारो घरांना प्लास्टर, वायरिंग, दारं-चौकटी हव्या असतात आणि गवंडी तेवढेच असतात. पुरानंतर नव्यानं दिलेल्या कामाला कॉन्ट्रॅक्टरनं जास्त दर सांगितला तर तो त्याचा हक्क आहे, आणि तो घ्यायचा की नाही हा तुमचा. पण पुराआधी ठरलेलं आणि सुरू झालेलं काम पुराचं निमित्त करून महाग करता येत नाही. पाण्यानं नासलेलं काम पुन्हा करायचं असेल, तर तेवढ्याच कामाचा वेगळा हिशेब मांडून घ्या.

शक्य असेल तर ओल धरलेल्या भिंतींवर लगेच पुट्टी आणि रंग लावू नका. भिंत वाळायला वेळ द्या. घाईत केलेलं काम फुगून सुटतं आणि मग दुरुस्तीच्या पैशांवरून दुसरं भांडण उभं राहतं.

पुढच्या वेळी काम देताना काय लिहून घ्यावं?

कामाची यादी खोलीनिहाय. मालाचा ब्रँड आणि ग्रेड. उक्तं की दरावर. दरावर असेल तर माप कसं धरायचं. जीएसटी धरून की वेगळा. सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख. जादा काम लेखी होकाराशिवाय नाही. पैसे टप्प्यानं, आणि शेवटचे 10 टक्के गळती तपासून झाल्यावर. याच शेवटच्या वाक्यावर कॉन्ट्रॅक्टर सगळ्यात जास्त घासाघीस करतात, म्हणून तिथे अजिबात मागे हटू नका. खाली दोघांची सही आणि तारीख. रोख देणं टाळाच. एकाच कामापोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यातही मना आहे.

सोफा पॉलिश आणि कव्हरसाठी कारखान्यात दिला. आता वाढीव पैसे दिल्याशिवाय परत देत नाहीत.

दुरुस्तीला घेतलेली वस्तू ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे, करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे. तो हक्क ठरलेल्या मजुरीपुरताच असतो, मनानं वाढवलेल्या रकमेसाठी नसतो. ठरलेली रक्कम बँकेतून पाठवा, मेसेज करा आणि वस्तू मागा.

आम्ही जतला राहतो, फर्म सांगलीची आहे. तारखेला दर वेळी यावं लागेल का?

जत, आटपाडी, शिराळा, कवठेमहांकाळ, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातल्या ग्राहकाचं प्रकरण सांगलीच्या जिल्हा आयोगातच चालतं. ऑनलाइन दाखल करता येतं, आणि अर्ज केला तर आयोग व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं सुनावणी घेऊ शकतो. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या आणि त्यात अंतर, वय, आजारपण असं जे खरं कारण असेल ते लिहा.